परसात सापसुरळ्या, बेडूक हवेत. फुरसं (विषारी साप) मात्र नको. दगड कुठे रचावेत?

अळूचंफदफदं

चिपळूण-गुहागर पट्ट्यात ६ गुंठ्यांचं आवार आहे. मधोमध कौलारू घर, जोतं दोन फूट. मागे परसात भाजीचे वाफे, अळू, केळी, एक कढीपत्ता, दोन लिंबं. उत्तरेचा जांभ्याचा गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) दोन ठिकाणी ढासळलाय, त्याचे बैलगाडीभर फुटके चिरे पडून आहेत. दोन हंगाम झाले, फवारणी पूर्ण बंद केली आहे. आता नाकतोडे आणि आफ्रिकन गोगलगायी वाफे साफ करतात.

सापसुरळ्या, सरडे, भेक (खडबडीत कातडीचे बेडूक), बेडूक वाढले तर हे आपोआप आटोक्यात येईल असं वाचलं. म्हणून विचारतोय:

१. फुटक्या चिऱ्यांचा ढीग करावा की गडगाच नीट रचावा? घरापासून किती लांब?
२. छोटं तळं केलं तर डासांचं काय?
३. घरात दोन वर्षांचं मूल आणि म्हातारी माणसं आहेत. दगड रचले की फुरसं, घोणस येणारच, असं शेजारी सांगतात. खरं किती?
४. शेतातून बेडकाची पिल्लं आणून सोडली तर चालतील का?

घरात एक मांजर आहे. कोंबड्या नाहीत.

---

चिरेखाण

फुटके चिरे आहेत म्हणजे निम्मं काम झालं. जागा चुकली तर मात्र उरलेलं निम्मं अंगावर येतं, म्हणून आधी जागा.

घराच्या भिंतीपासून सभोवती एक मीटर पट्टा पूर्ण मोकळा ठेवा. तिथे कुंड्या नकोत, सरपण नको, उरलेली कौलं भिंतीला टेकवून ठेवलेली नकोत. चोपलेली माती किंवा फरशी असावी, म्हणजे रात्री बॅटरी मारली की काय आहे ते एका नजरेत दिसतं. त्यापुढे वाफे आणि आखूड कापलेलं गवत. दगड, पाचोळा, पाणी हे सगळं त्याच्याही पलीकडे, घरापासून किमान ७-८ मीटरवर आणि रोजच्या पायवाटेपासून बाजूला. संडास-न्हाणीकडे जाणारी वाट ढिगाजवळून जात असेल तर ती जागा बाद.

गडगा की ढीग? गडगा. ढासळलेला भाग आहे त्याच जागी सुका रचा, सिमेंट नको. सिमेंटने सांधा भरला की ती नुसती भिंत झाली, कुणाच्या उपयोगाची नाही. दोन्ही तोंडं आतल्या बाजूला किंचित झुकती ठेवा, साधारण मीटरभराने एक लांब चिरा आरपार आडवा टाका, पोटात बारीक तुकडे भरा. पोटात माती भरू नका. पावसात ती फुगते आणि गडगा पोट काढतो. तुमचा आधीचाही बहुधा असाच ढासळला असणार.

गडगा लांब पडत असेल तर ढीग करा, पण खड्डा खणून नाही. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत जमिनीत दोन-तीन फूट खणून त्यात दगड भरायला सांगतात. ते तिकडच्या बर्फाच्या हिवाळ्यासाठी. आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, जुलैत त्या खड्ड्याची विहीर होते आणि आत घातलेली अंडी कुजतात. आपला ढीग जमिनीच्या वर हवा. खाली १५ सेंटिमीटर खडी-तुकड्यांचा थर, त्यावर मोठे चिरे, मग लहान. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, कमरेच्या खाली उंची. वरचे दोन-तीन चपटे चिरे पूर्वेकडे उतरते ठेवा.

हे चपटे चिरेच महत्त्वाचे. सकाळी आठ-साडेआठला सापसुरळी आधी नुसतं डोकं बाहेर काढते, दोनपाच मिनिटं तशीच थांबते, मग अंग चपटं करून दगडाला चिकटवते. अंग तापल्याशिवाय तिला पळता येत नाही आणि नाकतोडा पकडताही येत नाही. ढिगावर सकाळचं ऊन येत नसेल तर तो ढीग विंचवांचा आणि गोमांचा.

ढिगाच्या पायाशी अर्ध्या मीटरचा पाचोळ्याचा पट्टा, ८-१० सेंटिमीटर जाड. शेजारी साधारण मीटरभर लांबी-रुंदीची उन्हातली भुसभुशीत माती मोकळी सोडा. सरडी पावसाळ्याच्या सुमारास अशाच मातीत खळगा करून डझनभर किंवा त्याहून जास्त अंडी घालते आणि वरून माती थोपटून निघून जाते. जून ते सप्टेंबर तिथे कुदळ लावायची नाही.

आणि एकदा रचलेला ढीग हलवायचा नाही. दर वर्षी "साफ करून" पुन्हा रचला तर दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात.

गोगलगायींबाबत मात्र अपेक्षा कमी ठेवा. सापसुरळी नाकतोडे, झुरळं, अळ्या, वाळवी खाईल. मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय तिच्या आवाक्यातली नाही. ती भारद्वाज खातो, आणि त्याला दाट झुडूप लागतं. तोवर हाताने वेचणं हाच उपाय. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून खाली पपईची पानं ठेवायची, रात्री नऊनंतर हातमोजे घालून वेचायच्या आणि दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातमोजे विसरू नका, त्यांच्या चिकटात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. ती बादली नंतर वाफ्यात ओतू नका, मिठाने जमीन जाते. गोगलगायींसाठीच्या विषारी गोळ्या टाकल्या तर भेक, कुत्रं, मांजर सगळ्यांनाच धोका.

फुरशाचं म्हणाल तर उंदीर नाहीत तिथे साप थांबत नाही. उंदीर आवरा, बाकी काळजी नको.

---

सर्पमित्र_नव्हे

वरचा गडग्याचा भाग उत्तम. शेवटचं वाक्य मात्र अर्धंच खरं आहे, आणि या धाग्यात तेच धोक्याचं.

घोणस, नाग, धामण बहुतांशी उंदरांमागे येतात, कबूल. फुरसं तसं नाही. ते विंचू, गोम, पाली, सापसुरळ्या, लहान बेडूक, उंदराची पिल्लं, सगळं खातं. म्हणजे तुम्ही ज्यांना बोलावताय तेच त्याचं जेवण. मण्यार दुसरे साप खाते, पाली आणि सापसुरळ्याही खाते. तेव्हा उंदीर शून्य केले तरी या दोघांची शक्यता शून्य होत नाही.

फटी बारीक ठेवूनही फुरसं अडत नाही. पूर्ण वाढलेलं फुरसं फूट-दीड फुटाचं आणि बोटाएवढं जाड. जिथे मोठी सापसुरळी शिरते तिथे तेही शिरतं.

फरक पडतो तो जागेने. फुरशाला कोरडा, उघडा, दगडाळ माळ आवडतो, म्हणजे आपला सडा. त्यामुळे:

आवार सड्याला लागून असेल तर नवा दगडांचा ढीग करूच नका. त्याऐवजी जुने ओंडके आणि पाचोळा वापरा, तेही झाडांच्या विरळ सावलीत. सापसुरळीला तेवढं पुरतं. आवार खाली, आगराच्या (नारळी-पोफळीच्या बागेच्या) किंवा वहाळाच्या (ओढ्याच्या) बाजूला, झाडीत असेल तर गडगा रचायला हरकत नाही. त्याच्या मागच्या अंगाला करवंदीची रांग लावा. दगडावर सकाळचं ऊन येईल पण भोवती माळासारखं उघडं राहणार नाही. करवंदीचा दुसरा फायदा म्हणजे मांजर तिथे दबा धरून बसत नाही. मांजर सकाळी आठ ते बारा, नेमकी सापसुरळ्यांच्या उन्हाच्या वेळेला, घरात ठेवता आलं तर सर्वात बरं.

उंदरांचं काम तरी करायचंच. मोरीच्या आउटलेटला ६ मिलिमीटरची स्टीलची जाळी, दाराखाली रबरी पट्टी, नारळ आणि भात जमिनीपासून दीड फूट उंच मांडणीवर, सरपणही तसंच, भिंतीपासून सुटं. पकडायला पिंजरा किंवा चाप. विषाच्या वड्या नकोत: विष खाल्लेला सुस्त उंदीर घुबड, मुंगूस, धामण उचलतात आणि तेही मरतात. गोंदाचे पुठ्ठे तर अजिबात नकोत. त्यावर उंदरांइतक्याच पाली आणि सापसुरळ्या चिकटतात. चिकटलेली दिसलीच तर ओढू नका, पाय तुटतात. पुठ्ठा सावलीत घ्या, पायाच्या कडेला खाद्यतेल थेंबाथेंबाने सोडा, इअरबडने सोडवत जा, शेवटी कोमट पाण्याने अंग पुसून पाचोळ्यात ठेवा.

वाफ्यांवरची नायलॉनची जाळी हा दुर्लक्षित सापळा आहे. जमिनीवर सैल पडलेल्या जाळीत धामण अर्धी शिरते, पुढे जाड अंग अडकतं, मागे खवले अडकतात, आणि उन्हात तापून मरते. जाळी ताणून बांधा, खालची कड जमिनीपासून फूटभर वर. अडकलेला साप स्वतः कापून सोडवायला जाऊ नका. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

फिनेल, कार्बोलिक, गंधक, लसूण, "साप पळवणारी" पावडर, यांनी साप यायचे थांबत नाहीत. बेडूक मात्र मरू शकतात, कारण त्यांची कातडी सगळं शोषून घेते.

घरातल्यांसाठी: जमिनीवर कुणी झोपत असेल तर मच्छरदाणी, कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचलेल्या. मण्यारीचे दंश बरेचसे रात्री जमिनीवर झोपलेल्यांना होतात, दुखतही फारसं नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो. पावसाळ्यात अंगणात उतरताना बॅटरी आणि गमबूट. ढिगात, पाचोळ्यात कधीही उघडा हात घालायचा नाही, लांब दांड्याची दाताळीच वापरायची. पट्टेरी साप दिसला तर कवड्या (बिनविषारी) की मण्यार (विषारी) हे वाकून बघायचं कारण नाही. साधारण खूण सांगायची तर कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलट. पण हे लांबून काढलेल्या फोटोवर.

दंश झालाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, वेळ लिहून ठेवायची, १०८ किंवा मिळेल ती गाडी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. ते प्रतिविष जवळच्या कुठल्या रुग्णालयात कायम असतं हे आजच, काही झालेलं नसताना, विचारून घ्या.

विंचवाबद्दल कुणी बोललं नाही. आपल्याकडचा लाल विंचू लहान मुलाला सापाइतकाच धोक्याचा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण मूल वेळेत दवाखान्यात पोचलं पाहिजे. ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी ऑनलाइन मिळते. अंधाऱ्या रात्री ढिगावर फिरवली की विंचू हिरवट निळा चमकतो, अगदी रेडियमच्या घड्याळासारखा. भिंतीकडच्या मोकळ्या पट्ट्यात तो दिसू लागला तर ढीग घराच्या फार जवळ आहे असं समजा.

---

पाणकणीस

तळ्याबद्दल.

माप: दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एका टोकाला ४५ सेंटिमीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला उतार शून्यापर्यंत. पाणी साधारण ३०० लिटर. उतार का? सरळ कडेच्या टाकीत, ड्रममध्ये भेक पडतो, पोहत राहतो आणि दमून बुडतो. आधीच सिमेंटची टाकी असेल तर गोणपाट गुंडाळलेली फळी तिरकी टाकून ठेवा, एवढ्यानेही भागतं.

अस्तराला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घ्या. हिशेब: लांबी + दुप्पट खोली + ६० सेंटिमीटर. म्हणजे तुमच्यासाठी ३ मीटर × २.५ मीटर. दुकानदार पातळ ताडपत्री देऊ करेल, ती एका उन्हाळ्यात तडकते. जांभ्याची टोकं टोचतात म्हणून खाली ५ सेंटिमीटर वाळू आणि त्यावर जुनी गोणपाटं. कागदाच्या कडा चपट्या चिऱ्यांखाली दाबा. कडा उघडी राहिली तर ऊन तिला खातं, शिवाय कडेची माती पाणी शोषत राहते आणि तळं गळतंय असं वाटतं.

खोदाई एप्रिल-मेमध्ये. पहिल्या सरी आल्या की बेडूक आठवड्याभरात जागा शोधतात, तेव्हा तळं तयार हवं. विहिरीचं पाणी थेट चालेल, नळाचं असेल तर दोन दिवस उघडं राहू द्या. वेखंड आणि एखादं कुमुद लावा. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, दोन महिन्यांत पाणी दिसेनासं होतं.

डास. डासाची अळी ते डास हा प्रवास आपल्या हवेत ८-१० दिवसांचा. नव्या तळ्यात भक्षक नसतात, म्हणून पहिला महिना त्रासाचा. या काळात बीटीआयची पावडर किंवा गोळी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, पाकिटावर 'इस्रायलेन्सिस' हा शब्द बघूनच घ्या, साधं बीटी सुरवंटांसाठी असतं). बेडकाच्या पिल्लांना ती बाधत नाही. पुढे चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच बारीक किडे) येऊन अंडी घालतात, त्यांची पिल्लं डासांच्या अळ्यांवर जगतात. आठवड्यातून एकदा पांढऱ्या वाडग्याने कडेचं पाणी दहा वेळा भरून बघा. वळवळणाऱ्या अळ्या सतत दिसत असतील तर पुन्हा मात्रा द्या.

गप्पी सोडा असा सल्ला हमखास मिळेल. डासांसाठी ठीक, पण गप्पी बेडकाची अंडी आणि लहान पिल्लंही खातात. बेडूक हवे असतील तर मासे नकोत, दोन्ही एका तळ्यात जमत नाही. आणि डेंग्यूचा डास तळ्यापेक्षा नारळाच्या करवंट्या, टायर, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली यांत जास्त वाढतो. दर आठवड्याला पालथं घालायचं ते हे.

पाऊस लागला की तळ्यावर झुकलेल्या पानाला किंवा भिंतीला मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला दिसेल. साबणाचा फेस समजून पाणी मारू नका, ते झाडबेडकाचं घरटं. वरून फेस सुकून बिस्किटासारखा होतो, आत ओल राहते, आणि काही दिवसांनी पिल्लं एकेक करून खाली पाण्यात टपकतात. खाली पाणी नसेल तर संपलं, म्हणून पाण्यावर झुकणारी पानं छाटू नका. भेकाची अंडी वेगळी: काळ्या मण्यांच्या लांब माळा, पाण्यातल्या काडीला गुंडाळलेल्या.

पिल्लं आणून सोडू का? नको. रोग एका पाण्यातून दुसऱ्यात जातात, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा प्रश्न आहेच. आसपास भात आहे, पहिल्याच पावसात ते चालत येतील. तसंच 'लकी' म्हणून विकत मिळणारी लाल कानाची कासवं तळ्यात सोडू नका. ती परदेशी आहेत, मोठी झाली की बेडूक, अंडी, वनस्पती काही ठेवत नाहीत. आपलं चांदण्यांचं कासव पाळणं हा तर गुन्हाच.

दोन वर्षांच्या मुलासाठी ४५ सेंटिमीटर पाणी बुडायला पुरेसं आहे. दोन इंची वेल्डमेशची कडक जाळी पाण्याच्या पातळीच्या वर लोखंडी सळ्यांवर टेकवा, मोठ्या माणसाचा पाय पडला तरी वाकता कामा नये. हे जमत नसेल तर मूल मोठं होईपर्यंत तळं नको. केळीच्या आळ्याशेजारी अगदी उथळ मातीची पसरट परात ठेवा, भेकाला ओलीला बसायला तेवढी पुरते. पाणी रोज बदलायचं.

---

अळूचंफदफदं

सर्वांचे आभार. घर खाली वहाळाच्या बाजूला आहे, सडा वर, चालत दहाएक मिनिटांवर. ढासळलेला गडगा घरापासून ११ मीटर. मागच्या दारावर एलईडीचा पांढरा दिवा रात्रभर चालू असतो, त्याचा काही संबंध? आणि फाल्गुनात पाचोळा जाळायचा की नाही?

---

चिरेखाण

सर्पमित्र_नव्हे यांची दुरुस्ती मान्य. उंदरांचं मी सरसकट लिहिलं.

११ मीटर आणि वहाळाची बाजू, तर गडगाच रचा. काम आता, पाऊस लागायच्या आधी. पडलेले चिरे उचलताना उलटा क्रम ठेवा: चिरा पहारीने आधी तुमच्यापासून दूर उलथायचा, खाली बघायचं, मग हात. चामड्याचे मोजे आणि बूट घालून, उजेडात. महिनोन्महिने पडून असलेल्या ढिगात आत्ता कोण राहतंय ते तुम्हाला माहीत नाही.

दिव्याचा संबंध आहे. पांढऱ्या दिव्यावर किडे, किड्यांखाली भेक आणि पाली, त्यांच्यामागे कवड्या आणि मण्यार, अशी रांग थेट उंबऱ्याशी लागते. दाराचा दिवा पिवळा, कमी वॉटचा आणि बटणावर ठेवा. रात्रभर उजेड हवाच असेल तर खांबावरचा दिवा दारापासून ५-६ मीटर पुढे, त्याचा झोत दाराकडे.

पाचोळा जाळू नका. निदान जुना ढीग तरी नकोच, त्यात तोवर वस्ती झालेली असते. भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) राब करायचाच असेल तर त्याच दिवशी गोळा करून त्याच दिवशी पेटवा, रात्रभर रचून ठेवू नका.

---

पाणकणीस

कढीपत्त्याबद्दल एक राहिलं. पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काळं-पांढरं काही दिसलं तर पुसू नका. लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या लहान अळ्या तशाच दिसतात. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंतही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. झाड लहान असेल तर दोन-तीन अळ्या ठेवून बाकीच्या लिंबावर हलवा, त्यांना दोन्ही चालतं. सापसुरळीला यातल्या काही मिळतीलच.

---

सर्पमित्र_नव्हे

गडगा रचून झाला की पहिले दोन महिने दर आठवड्याला एकदा, रात्री आठनंतर, ती अतिनील बॅटरी घेऊन घराभोवतीचा मोकळा पट्टा आणि पायवाट बघा, गमबूट घालून. कुठे काय दिसलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. मूल ज्या बाजूला खेळतं तिकडे नोंदी वाढल्या तर आधी तिकडचं गवत आणि दिवा बघा, गडग्याला हात लावू नका.